वृद्ध माजी सैनिकांचा सन्मान त्यांच्या दारात व्हावा

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

विजय दिवस जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागांतील गावागावांत माजी सैनिकांच्या सत्काराची तयारी सुरू होते. ही प्रथा चांगली आहे आणि ती पाळणाऱ्या तरुण मंडळांविषयी व शाळांविषयी मला आदर आहे. परंतु ज्यांचा सत्कार करायचा त्यांचे वय आता काय झाले आहे, याचा विचार फारसा होताना दिसत नाही. १९७१ साली विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे, १९६५ च्या लढाईतला ऐंशीच्या पुढे गेला आहे आणि १९६२ पाहिलेले तर एखाद्याच गावात उरले आहेत. अशा माणसाला सकाळी नऊला मांडवात आणून बसवायचे, प्रमुख पाहुणे अकराला येईपर्यंत ताटकळत ठेवायचे, दोन मिनिटांत शाल, श्रीफळ आणि फेटा उरकायचा आणि मग तासभर भाषणे ऐकवायची, हे बरे नव्हे. त्या सगळ्या वेळात खुद्द त्या सैनिकाच्या तोंडून चार वाक्येही कोणी ऐकून घेत नाही, याचे मला सर्वांत अधिक वाईट वाटते.

सैन्याविषयीची आपुलकी बेळगावकरांना कोणी शिकवावी लागत नाही. १७६८ पासूनचा इतिहास सांगणाऱ्या मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या शहरात आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या भूमीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव हे दोघेही याच रेजिमेंटचे. त्यांतील घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला. आपल्या भागातली मुले केवळ मराठा पलटणींतच गेली असे नाही. तोफखाना, इंजिनिअर्स, सिग्नल्स, सर्व्हिस कोअर अशा सगळीकडे ती गेली, आणि त्यांत मराठी घरांतली होती तशी कन्नड घरांतलीही होती. खंदकात शेजारी बसलेल्याची मातृभाषा कोणी विचारली नव्हती, हे आपण सीमाभागातल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवावे असे मला वाटते.

आमच्या गल्लीत राहणारे एक आबा पहिल्या मराठात, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, जंगी पलटणीत होते. डिसेंबर १९७१ मध्ये लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या नेतृत्वाखाली या पलटणीने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, ब्रह्मपुत्रेपलीकडे जाऊन जमालपूरच्या पाठीमागचा रस्ता अडवला. शरण या, असे पत्र भारतीय बाजूने धाडले गेले, तेव्हा तिथल्या पाकिस्तानी अधिकाऱ्याने उत्तरासोबत बंदुकीची गोळी पाठवली होती. १० डिसेंबरच्या रात्री वेढ्यातल्या फौजेने बाहेर पडण्यासाठी हल्ल्यामागून हल्ले केले आणि मराठ्यांनी ते परतवले. जमालपूर पडले, ढाक्याकडे जाणारा टांगाईलचा रस्ता मोकळा झाला आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या. इतके पुस्तकांत वाचायला मिळते.

आबांच्या तोंडून जे ऐकले ते मात्र कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. त्यांनी पलंगाखालची काळी पत्र्याची ट्रंक ओढायला लावली. झाकणावर पांढऱ्या रंगातला त्यांचा नंबर अजून वाचता येतो. आत डिस्चार्ज बुक, रुमालात बांधलेली पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल ही १९७१ ची पदके, आणि कडा तुटलेला एक फोटो. फोटोतल्या दुसऱ्या जवानावर बोट ठेवून ते म्हणाले, “हा माझा मोर्चातला, म्हणजे खंदकातला जोडीदार. साताऱ्याकडचा. त्या रात्री गेला.” पुढे रजेवर आल्यावर ते आधी आपल्या घरी न येता त्याच्या गावी गेले. त्याच्या आईने त्यांना पाटावर बसवून जेवू घातले आणि लढाईविषयी काहीही न विचारता एवढेच विचारले, “त्या दिवशी माझ्या लेकानं काही खाल्लं होतं का रे?” आबांनी होय म्हणून सांगितले. ते खरे होते की नव्हते, हे मी विचारले नाही. दारात उभा असलेला त्यांचा कॉलेजात जाणारा नातू ही गोष्ट त्या दिवशी प्रथमच ऐकत होता. आजोबा मिलिटरीत होते आणि त्यांना कँटीनचे कार्ड आहे, यापलीकडे त्याला फारसे ठाऊक नव्हते.

अशी माणसे आपल्या तालुक्यांत अजून आहेत, पण फार वर्षे राहणार नाहीत. म्हणून माझी पहिली विनंती आहे की प्रत्येक गावातील हायस्कूलने किंवा तरुण मंडळाने त्यांचे कथन आताच नोंदवून घ्यावे. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही, साध्या मोबाईलवर आवाज नीट उतरतो. सैनिकाचे नाव, पलटण, कोणत्या आघाडीवर होते, कोणती पदके मिळाली एवढे वहीत लिहावे आणि बाकीचे त्यांना त्यांच्या गतीने बोलू द्यावे. किती शत्रू मारले असले प्रश्न मुलांनी विचारू नयेत, हे शिक्षकांनी आधी समजावून सांगावे. थंडी कशी काढली, पायी किती चाललो, घरचे पत्र किती दिवसांनी मिळाले, हे विचारले की ही माणसे मोकळी होतात. कोणाला बोलायचेच नसेल, तर तेही मानावे. काही आठवणी कुणी पन्नास वर्षे मुद्दाम बंद ठेवलेल्या असतात.

दुसरी गोष्ट कागदांची आहे आणि तिला मी सन्मानाइतकेच महत्त्व देतो. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या माणसाचा अंगठा यंत्रावर उमटत नाही आणि तो बिचारा एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात फिरत राहतो. वास्तविक आता चेहऱ्यावरून ओळख पटवून घरबसल्या मोबाईलवर हा दाखला देता येतो आणि पोस्टमनमार्फतही घरी तो करून मिळतो, पण हे सांगणारे कोणी भेटत नाही. पेन्शन ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन प्रणालीवर गेल्यापासून येणारे संदेश इंग्रजीत, स्थानिक कार्यालयातले अर्ज कन्नडमध्ये आणि वाचणारा मराठी शाळेत चौथी-सातवी शिकलेला. वयाच्या ८० व्या वर्षी मूळ निवृत्तिवेतनात २० टक्के आणि ८५ व्या वर्षी ३० टक्के अशी वाढत जाणारी, शंभरीला शंभर टक्के होणारी जादा रक्कम मिळते. परंतु जुन्या कागदांत जन्मतारीख धड नसेल, तर ती वाढ अडकून पडते.

विधवांचे हाल याहून अधिक आहेत. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत होती. सैन्याच्या कागदांत एक नाव, आधार कार्डावर दुसरे, आणि अशा बदलाची सैन्याच्या दप्तरी नोंद करणारी पार्ट टू ऑर्डर कधी निघालीच नाही, अशा स्थितीत नवरा गेल्यावर त्या बाईला कुटुंब निवृत्तिवेतनासाठी मुलाच्या मागे मोटारसायकलवर बसून हेलपाटे घालावे लागतात. नवरा हयात असतानाच हे नाव दुरुस्त करून घेतले, तर काम सोपे होते. मराठा पलटणीच्या माणसांसाठी तर रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे. साताऱ्या-रत्नागिरीच्या लोकांना जे पत्राने करावे लागते, ते आपण एका सकाळी जाऊन करू शकतो. ज्यांची नोकरी पेन्शनइतकी भरली नाही, अशा ६५ वर्षांवरील गरजू हवालदार व त्याखालच्या माजी सैनिकांना केंद्रीय सैनिक मंडळाकडून मासिक अनुदानाची सोय आहे. त्याचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो. लढाईत होतो पण पेन्शन नाही, म्हणून गप्प बसलेली माणसे मी पाहिली आहेत. मागायला त्यांना लाज वाटते. त्यांच्या वतीने अर्ज भरून देणे हे गावाचे काम आहे.

तेव्हा या वर्षी मंडळांनी मांडवाचा खर्च थोडा आवरावा आणि अलीकडेच पेन्शनवर आलेले दोन सुभेदार-हवालदार, कन्नड व इंग्रजी वाचणारी दोन मुले असा गट करून प्रत्येक वृद्ध सैनिकाच्या आणि वीरपत्नीच्या घरी जावे. शाल द्यायची असेल तर तिथेच, घरच्यांच्या समोर द्यावी. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार आणि बँकेचे पुस्तक मांडून नावे व तारखा जुळतात का ते पाहावे आणि निघण्यापूर्वी तासभर बसून त्यांचे ऐकावे.

आपणांसही एक विनंती आहे. आपल्या दैनिकात आठवड्यातून एकदा, सीमाभागातील एका वृद्ध सैनिकाचे कथन त्यांच्याच शब्दांत छापण्यास जागा द्यावी. नाव छापण्याविषयी त्यांची व कुटुंबाची संमती आधी घ्यावी. आमच्या परिसरातील अशा मंडळींना भेटून मजकूर लिहून आणण्याचे काम मी व माझे काही सहकारी विनामोबदला करण्यास तयार आहोत. आबांची संमती मी घेतलेली आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक
तालुका बेळगाव