साठावं पान कुठलं घ्यायचं, हे समोर कोण बसणार त्यावर ठरतं

संपादक महोदय,

मी कोपरखैरण्यात राहते. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात एका गाळ्यावर हिशेब लिहिते. आवक, वजन, तोलाई, हमाली, शेतकऱ्याची पट्टी, हे माझं रोजचं काम. वर्तमानपत्राला पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी तीन ते सहा मुलं पोकेमॉनचे पत्ते खेळायला जमायची. गेल्या महिन्यात कमिटीने ते बंद केलं. बोर्डावर एक ओळ लागली: 'हॉलमध्ये पत्ते खेळण्यास सक्त मनाई.' मी सेक्रेटरींना भेटले. ते म्हणाले, "ताई, आज पोकेमॉन आहे, उद्या तीन पत्ती येईल. जुगाराची सवय अशीच लागते."

त्यांच्या मनात वाईट काही नाही, हे मला ठाऊक आहे. पण मुलं तिथे काय करत होती ते त्यांनी कधी बसून बघितलं नाही. मी बघितलं आहे. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलासमोर बसून खेळलेही आहे, जिंकण्यापेक्षा हरलेच जास्त. म्हणून लिहिते.

पोकेमॉन म्हटलं की लोकांना कार्टून आठवतं. पत्त्यांचा खेळ १९९६ साली जपानमध्ये निघाला आणि आज त्याच्या जागतिक स्पर्धा होतात. मेंढीकोटला कॅट एकच असतो. तो पिसायचा, वाटायचा आणि हातात येईल ते आपलं नशीब. इथे प्रत्येकजण आपला कॅट घरून बांधून आणतो, त्याला मुलं 'डेक' म्हणतात. डेकमध्ये बरोबर ६० पानं. एका नावाची चारच्या वर चालत नाहीत, अपवाद फक्त साध्या ऊर्जेच्या पानांचा, जी हल्ला करायला लागतात. सुरुवातीला ७ पानं हातात येतात आणि ६ पानं न बघता पालथी बाजूला जातात, ती 'प्राइझ'. समोरच्याचा पोकेमॉन, म्हणजे पानावरचा प्राणी, मार देऊन पाडला की आपलं एक प्राइझ उचलायचं, मोठा पाडला तर दोन. सहाही उचलली की डाव आपला.

म्हणजे टेबलाशी बसायच्या आधीच, शनिवारी रात्री घरात, अर्धा खेळ होऊन गेलेला असतो. कुठलं पान ठेवायचं आणि कुठलं काढायचं, ह्यात तो जातो. जुगाराचं म्हणाल तर रमीच्या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच म्हटलं आहे की तो मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, कारण कुठलं पान पडलं ते लक्षात ठेवावं लागतं आणि काय धरायचं, काय टाकायचं ह्याला अक्कल लागते. आमच्या हॉलमध्ये तर एक रुपयाही लावला जात नव्हता.

एक गोष्ट मात्र मी कमिटीच्या बाजूने मान्य करते. बंद पाकिटं विकत घेऊन भारी पान निघतंय का बघत बसणं, हे मलाही आवडत नाही. त्यात नशीबच आहे आणि आईबापांचे पैसे जातात. आमच्या घरात नियम आहे: पाकीट घ्यायचं नाही, लागेल ते एकच पान सुटं घ्यायचं. आणि तेही आधी कागदावर झेरॉक्स काढून, जुन्या पानावर लावून, स्लीव्हमध्ये घालून माझ्याबरोबर दहा डाव खेळल्याशिवाय नाही.

आता खरा विषय. मुलं ज्याला 'मेटा' म्हणतात तो मला पहिल्यांदा कळला तो बाजारामुळे. मेटा म्हणजे सध्या कोण काय खेळतंय, कशाचं पीक आलंय. माझ्या भाषेत आवक. डेक चांगला की वाईट हे एकट्याने ठरत नाही. रविवारी समोर काय येणार, त्यावर ठरतं.

२०२४ च्या दिवाळीनंतर माझा मुलगा चारिझार्डचा डेक खेळत होता. चारिझार्ड एक्स हे पान असं आहे की समोरच्याने जितकी प्राइझ उचललेली, तितका त्याचा मार वाढतो: मूळ १८० आणि प्रत्येक प्राइझमागे ३० जास्त. मागे पडलेल्याला हात देणारं पान, म्हणून त्याला ते आवडायचं. मागच्या ओळीत, बेंचवर, लहान लहान पोकेमॉन वाढत असतात. त्यांना वाचवायला त्याने मॅनाफी नावाचं एक पान ठेवलं होतं. ते असलं की समोरच्याच्या हल्ल्याचा मार बेंचला लागत नाही. इंटरनेटवरच्या जिंकलेल्या यादीत होतं, म्हणून ह्याच्याकडेही होतं.

ओळीने तीन रविवार हा ड्रॅगापल्टकडून हरला. ड्रॅगापल्ट एक्स पुढच्याला २०० चा मार देतो आणि वर सहा काउंटर, म्हणजे मार मोजायच्या प्रत्येकी १० च्या खुणा, तुमच्या बेंचवर हवे तसे वाटतो. मुलगा म्हणायचा, "आई, मॅनाफी होता तरी बेंचवरचा पिजी मेला, असं कसं?" आम्ही स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून एकेक शब्द वाचला. मॅनाफी 'मार' अडवतो. ड्रॅगापल्ट बेंचला मार देतच नाही, तो काउंटर 'ठेवतो'. तोलाई आणि हमाली दोन्ही पट्टीतूनच कापली जातात, पण ती वेगवेगळ्या खात्यांत लिहायची असतात, तसं हे. मुलाने ते पान तिथल्या तिथे डेकमधून काढलं आणि बराच वेळ हातात धरून बसला.

त्या रात्री मी त्याला एक जुनी चोपडी दिली. म्हटलं, आजपासून हॉलमध्ये कोण काय घेऊन आलं, ते लिहायचं. नाव नको, डेक लिही. पहिल्या पानावर अशी नोंद आहे: मुलं १४, ड्रॅगापल्ट ५, गार्डेवॉइर ३, चारिझार्ड २, बाकी एकेक. ती चोपडी अजून चालू आहे. तिच्यावर कांद्याच्या आडतीचा शिक्का आहे आणि आत पोकेमॉन.

पाच ड्रॅगापल्ट बघून तो म्हणाला, रॅब्सका घालू. रॅब्सका बेंचवर असला की मारही अडतो आणि काउंटरही. उपाय अगदी नेमका. पण रॅब्सका थेट येत नाही, आधी रेलर ठेवून त्याचा रॅब्सका करावा लागतो. म्हणजे डेकमधल्या दोन जागा गेल्या आणि बेंचच्या पाचातली एक. मी हिशेब मांडला. ६० पैकी ६ पानं प्राइझमध्ये पालथी जातात, म्हणजे एकच प्रत असलेलं कुठलंही पान दहातल्या एका डावात तिथे अडकतं. इथे दोन वेगवेगळी पानं एकेक प्रतीची, दोन्ही लागणार. दोघांतलं निदान एक अडकायची शक्यता १९ टक्के, पाचात एक डाव. हातात येण्याचंही तसंच. एखाद्या पानाच्या चार प्रती ठेवल्या तर पहिल्या सात पानांत निदान एक दिसायची शक्यता ४० टक्के. दोन ठेवल्या तर २२. एकच ठेवली तर १२ सुद्धा नाही. "आणि ज्याच्याकडे ड्रॅगापल्ट नाही त्याच्यासमोर हे रेलर काय करणार?" मी विचारलं. त्याने ऐकलं नाही. त्याच्या वयाला ते शोभतं. दोन्ही पानं घातली.

पुढच्या रविवारी चोपडीत ड्रॅगापल्ट दोन. आदल्या आठवड्यात पाच जण जिंकताना दिसले म्हणून सगळेच त्यांच्यावर उपाय घेऊन आले होते, आणि हे हुशार मुलगे ते आधीच ओळखून दुसरंच काहीतरी घेऊन आले. माझ्या मुलाच्या हातात रेलर नुसतं बसून राहिलं. चार डावांत एकदाही ड्रॅगापल्ट समोर आला नाही. घरी येताना तो बोलला नाही.

मी त्याला सोमवारी सुट्टी होती म्हणून गाळ्यावर नेलं. पहाटे गाड्या लागल्या होत्या, नाशकाकडचा माल उतरत होता, माथाडी पाठीवर पन्नास किलोची गोणी घेऊन पळत होते. त्याला म्हटलं, बघ, शेतकरी कांद्याची लागवड करतो ती गेल्या वेळच्या भावावर. भाव चढा होता म्हणून सगळे लावतात, आणि माल तयार होतो तेव्हा सगळ्यांचाच एकदम बाजारात येतो. भाव पडतो. मग पुढच्या वेळी सगळे हात आखडतात आणि ज्याने लावला असतो त्याचं सोनं होतं. ह्यात दोष कुणाचाच नसतो, प्रत्येकाने कालचा भाव बघितलेला असतो. उन्हाळी कांदा निदान कांदाचाळीत साठवून ठेवता येतो. तुला तर आठवड्याने नवा डाव मांडायचा आहे.

त्याला ते पटलं, आणि त्यानेच मला उलट एक गोष्ट सांगितली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये होनोलुलूला जागतिक स्पर्धा झाली. मोठ्यांच्या गटात चिलीचा फर्नांडो सिफुएन्तेस जिंकला, आयर्न थॉर्न्स नावाच्या पानावर. हे पान पुढे उभं असेतो दोन्ही बाजूंच्या 'एक्स' आणि 'व्ही' असल्या मोठ्या पोकेमॉनांच्या अंगभूत शक्ती बंद पडतात, फक्त 'फ्यूचर' जातीच्यांना सूट. चारिझार्ड डेकमधून ऊर्जा ओढून घेतो ती अशाच शक्तीने, त्याच्याबरोबर खेळतात तो पिजॉट पान शोधून आणतो तोही शक्तीनेच. लोक ज्याच्या भरवशावर आले होते तेच त्या मुलाने बंद केलं. "आई, त्याने जिंकलेली यादी नाही बघितली, येणारी माणसं बघितली," असं माझा मुलगा म्हणाला. हे तो गोण्यांच्या थप्पीवर बसून, हातात चहाचा ग्लास धरून म्हणाला, आणि मला त्याचा फार अभिमान वाटला.

मग २०२५ च्या जानेवारीत नव्या संचात बड्यू आला. इवलासा पोकेमॉन, जीव फक्त ३०, मार १०. पण त्याच्या हल्ल्याला ऊर्जा लागत नाही, आणि तो लागला की पुढच्या पाळीला तुम्हाला 'आयटम' पानं खेळता येत नाहीत. चारिझार्डवाल्यांचा जीव रेअर कँडी ह्या आयटमवर. कँडी असली की चारमँडरचा थेट चारिझार्ड होतो, मधली पायरी गाळून. बड्यूने ते दारच लावलं. ह्या वेळी आम्ही घाई केली नाही. पंधरा दिवस झेरॉक्सचा बड्यू माझ्याकडे, त्याचा डेक त्याच्याकडे, रोज रात्री भांडी झाल्यावर दोन डाव. शेवटी त्याने चार कँड्यांतली एक काढली आणि मधल्या पायरीचा चारमेलियन एकाचे दोन केले. कँडी अडली तर हातानेच पायरी पायरीने चढायचं, एक पाळी उशीर होईल पण चढता येईल. मॅनाफीच्या रिकाम्या जागी स्वतःचाच एक बड्यू घेतला. ही पानं सगळ्यांसमोर कामाला येतात, समोर कुठलाही डेक असो. रेलर-रॅब्सका डब्यात गेले.

एप्रिलमध्ये 'रोटेशन' झालं. पानाच्या खाली डाव्या कोपऱ्यात एक अक्षर छापलेलं असतं. ११ एप्रिल २०२५ पासून 'एफ' अक्षराची पानं, मुलं खेळतात त्या 'स्टँडर्ड' प्रकारच्या स्पर्धेतून बाद झाली. मॅनाफी गेला, बेंचवर मारा करणारा रेडियंट ग्रेनिंजा गेला. चोपडीत पुन्हा नवं पान लावावं लागलं.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं मोबाइलवर का नाही? मोबाइलवर हा खेळ फुकट खेळता येतो, मुलं खेळतातही. पण तिथे समोर कोण आहे ते दिसत नाही आणि तो पुन्हा भेटत नाही. हॉलमध्ये तेच चौदा जण दर रविवारी येतात, एकमेकांना ओळखून बदलतात. दिघ्याचा एक मुलगा ट्रान्स-हार्बर लोकलने यायचा. कळव्याची एक मुलगी ठाण्याला गाडी बदलून यायची, तिच्या गार्डेवॉइरला माझा मुलगा अजून एकदाही हरवू शकलेला नाही. ती हात मिळवून म्हणायची, "तू आयोनो लवकर टाकलास, थांबायला हवं होतंस." (आयोनो म्हणजे दोघांनाही हातातली पानं बदलायला लावणारं पान.) आणि दोघं पानं उलगडून पुन्हा तो डाव मांडायची. ही शिकवणी त्याला कुठे मिळणार? आवकच नसेल तर भाव कशावर काढायचा?

सध्या मुलं बागेतल्या बाकावर बसतात. वाऱ्याने पानं उडतात, आणि पावसात तेही नाही. दिघ्याचा मुलगा यायचा थांबला आहे.

माझी विनंती आमच्या कमिटीला आहे, आणि तितकीच महापालिकेलाही. आपल्या नोड-नोडमध्ये समाजमंदिरं आहेत, वाचनालयं आहेत. रविवारी दुपारी तीन तास, चार टेबलं आणि पंखा, एवढंच हवं आहे. अटी मी कमिटीला लेखी दिल्या आहेत: पैसे लावायचे नाहीत, हॉलमध्ये पानांची खरेदी-विक्री करायची नाही, बंद पाकीट फोडायचं नाही, एक मोठं माणूस पूर्ण वेळ हजर राहील. ते माणूस मी होईन. माझा बाजार रविवारी बंद असतो.

कालच नवा डेक बांधायला घेतला. एकोणसाठ पानं ठरली आहेत. साठाव्यासाठी दोन पानं टेबलावर शेजारी शेजारी पडली आहेत, आणि मुलगा म्हणतो, "आई, कोण कोण येणार तेच माहीत नाही, कसं ठरवू?"

आपली,
एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई