सूचना : शनिवारच्या पालक-बैठकीआधी

सभासदहो, बैठक बरोबर ४ वाजता. कर्वे रस्त्याची कोंडी धरून निघा.

बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे रडू येणं, चिडचिड होणं नेहमीचंच. पण त्यापुढेही टिकलं, बाळ झोपलं तरी आईचा डोळा लागत नसेल, तर बाळंतपणानंतरचं नैराश्य तपासणारी १० प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली भरून आणा. उत्तरं गेल्या ७ दिवसांचीच. अख्ख्या गर्भारपणाचं लिहिलंत तर गुण चुकतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे 'कधीच नाही' सोडून काहीही असेल, तर शनिवारपर्यंत थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. मोफत, चोवीस तास, मराठीतही.

दहावी-बारावीवाल्या आईबाबांनी एकटंच यावं. मार्कशीट घरीच ठेवा, सत्र तुमचं आहे.