रविवारच्या फोनबद्दल

सोन्या,

रविवारी तू झेनमध्ये एस्टीमचं इंजिन बसवतो म्हणालास आणि मी फोन कट केला, ते चुकलं. आई तेव्हापासून धड बोलत नाही, म्हणून लिहितोय.

एस्टीमचं इंजिन झेनमध्ये बसतं हे मला माहिताय रे, दोन्ही सुझुकीच्या जी सिरीजची भावंडं, ९९३ सीसीच्या जागी १२९८, आणि एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवालं, मिळालं तर ५० बीएचपीचे ८५. तू बसवशील. शिरोलीत मी सगळ्यांना सांगत असतो पोराचा हात माझ्यापेक्षा बरा आहे, तुलाच तेवढं सांगायचं राहिलं. फक्त जॅकस्टँड, उचललेली गाडी तोलून धरणारे लोखंडी पाय, ते आधी घे.

आता गाडीचं. बॉनेटचा कोपरा दाबून सोड, गाडी वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक, डुलत राहिली तर गेले. लोअर आर्मच्या रबरी बुशला चिरा असतील तर गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगवर रुपया घालू नको, आधी बुश, मग अलाइनमेंट. टायरच्या कडेचे चार आकडे वाच, ३२१६ म्हणजे २०१६ चा ३२ वा आठवडा, असल्या टायरवर नक्षी कितीही दिसली तरी रबर दगड झालेलं असतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, ते बदल, ब्रेकचे होस पाईप बघ, खंबाटकी उतरताना ८५ बीएचपी कामाला येत नाही, ब्रेक येतो. आरटीओची परवानगी आधी काढ, आरसीवर नवा इंजिन नंबर चढला नाही तर इन्शुरन्सवाला हात वर करेल. टॉर्क रेंच घे, इंजिन काढायची क्रेन भाड्याने आण.

झालं माझं लेक्चर सुरू, सॉरी. तुला हे येतंच.

पण काकाला पण यायचं की. नुसत्या हायड्रॉलिक जॅकवर ८०० उचललेली, "दोन मिनिटांचं काम, दादा" म्हणाला, मी चहा आणायला वळलो. सील गेलं. आवाज पण झाला नाही मोठा, नुसता फुस्स, आणि मग त्याची एक चप्पल बाहेर दिसत होती. वाचला, पण तू लहानपणी विचारायचास ना काका जिना असा का चढतो, ते हे. त्या दिवशी स्टँड भिंतीला टेकवून ठेवलेले होते, मीच ठेवले होते.

शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने चार स्टँड पाठवतोय, तीन टन पेलणारे. पहाटे स्वारगेटला उतरवून घे, जड आहेत, रिक्षा कर. मेतकूट पण त्याच पोत्यात आहे.

पप्पा