स्लोव्हेनियाने आधी स्वतःची चूक मान्य करावी

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

युक्रेनच्या ईयू (युरोपियन युनियन) प्रवेशाबद्दल पेपरात सारखं काही ना काही येतं, पण जे त्यांच्याही कितीतरी आधीपासून दाराशी ताटकळत उभे आहेत त्यांच्याबद्दल कुणीच फारसं लिहीत नाही म्हणून हे पत्र. सर्बिया, माँटेनिग्रो, अल्बेनिया, बोस्निया, उत्तर मॅसेडोनिया, कोसोव्हो. २००३ ला थेसालोनिकीच्या परिषदेत ईयूने या बाल्कन भागाला शब्द दिला होता की तुमचं भविष्य आमच्यातच आहे (तेव्हा यातले काही वेगळे देशही झाले नव्हते) आणि त्यानंतर त्यातला फक्त क्रोएशिया २०१३ ला आत गेला.

या लोकांची बाजू चिकाटीने मांडणारा देश म्हणजे स्लोव्हेनिया, जेमतेम २१ लाख लोकसंख्या, १९९१ पर्यंत युगोस्लाव्हियातच होता, २००४ ला ईयूत गेला. २०२१ मध्ये ईयूचं फिरतं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं तेव्हा ब्र्दोच्या परिषदेत त्यांनी या देशांना २०३० पर्यंत आत घ्यायची तारीख जाहीरनाम्यात घालायचा प्रयत्न केला, बाकीच्यांनी ती येऊ दिली नाही. पुढच्या वर्षी बोस्नियाला उमेदवाराचा दर्जा मिळावा म्हणूनही स्लोव्हेनियाच जोर लावत होता आणि डिसेंबर २०२२ ला तो मिळाला. हे सगळं मला मनापासून पटतं.

पण एक गोष्ट खटकते ती बोलायलाच हवी. २००८ च्या डिसेंबरमध्ये याच स्लोव्हेनियाने पिरानच्या आखातातल्या सीमावादावरून क्रोएशियाच्या ईयू प्रवेशाच्या वाटाघाटी अडवल्या, जवळपास दहा महिने. शेवटी वाद लवादाकडे गेला, मग २०१५ ला लवादावरचा स्लोव्हेनियाचा सदस्य आपल्याच सरकारच्या प्रतिनिधीशी आतल्या गोष्टी बोलत असल्याची फोन रेकॉर्डिंग बाहेर आली, क्रोएशिया उठून गेला आणि २०१७ चा निकाल त्यांनी मानलाच नाही. म्हणजे अडवून मिळालं काय? काहीच नाही, फक्त आत बसलेल्याने बाहेरच्या शेजाऱ्याचा गळा कसा धरायचा ते सगळ्यांना दिसलं.

आणि ते आज कुणाला भोवतंय तर उत्तर मॅसेडोनियाला. २००५ पासून उमेदवार, ग्रीसच्या आक्षेपामुळे बिचाऱ्यांनी २०१९ मध्ये देशाचं नाव बदललं, स्वतःच्या देशाचं नाव! तरी त्याच वर्षी फ्रान्सने अडवलं आणि २०२० ला बल्गेरियाने, तेही भाषा आणि इतिहासावरून. आता संविधानात बल्गेरियन लोकांचा उल्लेख करा या अटीवर घोडं अडलंय. २००५ ला स्कोप्येत जन्मलेली मुलं आज मतदार आहेत.

कोर्ट, भ्रष्टाचार, माध्यमांचं स्वातंत्र्य यात हे देश कमी पडतात, सर्बिया तर फारच, त्याबद्दल त्यांना जरूर अडवा. पण दोन शेजाऱ्यांचं जुनं भांडण हा त्यातला निकष कसा काय होऊ शकतो? प्रवेशाचा शेवटचा निर्णय एकमताने होऊ दे, पण मधल्या प्रत्येक पायरीवर कुणा एकाचा नकाराधिकार नको. ही मागणी स्लोव्हेनियाने ब्रुसेल्समध्ये जरूर लावून धरावी, फक्त त्याआधी २००८ ला आम्ही क्रोएशियाशी चुकीचं वागलो हे ल्युब्लियानाने (स्लोव्हेनियाच्या सरकारने) उघड सांगावं, कारण त्याशिवाय सोफियातलं बल्गेरियाचं सरकार त्यांचं ऐकेल असं मला तरी वाटत नाही.

आपला एक नियमित वाचक,
पुणे