बापूंच्या झोपाळ्याची गोष्ट

सांगली,
नागपंचमी

प्रिय वसू,

सप्रेम नमस्कार. तुझ्या मागच्या पत्रातल्या चौकशांची उत्तरे आधी देऊन टाकते: गुडघा तसाच आहे, डोळ्याचे ऑपरेशन नीट झाले, साखर आटोक्यात आहे. आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते, कारण हे दुसऱ्या कोणाला सांगायचे म्हटले तर आधी तासभर मागचे सगळे सांगत बसावे लागेल आणि एवढे करूनही त्याला ते कळेलच असे नाही.

बापूंच्या वर्षश्राद्धानंतरच्या रविवारी आपल्या नाटकमंडळींनी तालमीच्या जुन्या खोलीत त्यांच्या आठवणींची बैठक ठेवली होती. दिगंबर उभा राहिला आणि कोणी सांगायच्या आधीच त्याने झोपाळ्याची गोष्ट काढली. तू ती अलीकडे ऐकलेली नाहीस. त्याने तिला आता चांगले पैलू पाडले आहेत. नाट्यस्पर्धेतले केंद्रावरचे पहिले बक्षीस काखोटीला मारून बापू रात्री दीड वाजता स्वतःचे घर सोडून वकिलांच्या अंगणात शिरतात, झोपाळ्यावर मांडी ठोकतात आणि आत कोणाला तरी पिठले टाकायला सांगतात. वकील बॅटरी घेऊन बाहेर येतात, तर बापू त्यांनाच विचारतात, "एवढ्या रात्री लोकांच्या घरी येता, काही रीतभात?" मग अख्खे स्वगत, मग खिडकीतून बघणाऱ्या वकिलीणबाईंना उद्देशून लवून केलेला नमस्कार, आणि त्या नमस्काराच्या ओघात थेट हौदात. वकिलांचा नाकातला आवाज दिगंबर असा काढतो की ज्यांनी वकिलांना कधी पाहिले नाही तेही डोळे पुसत होते. मीही मनापासून हसले. गोष्ट विनोदी आहे, आणि ती विनोदी नाही असे कोणी माझ्याकडून वदवून घेऊ शकणार नाही.

सर्वांत मोठ्याने बापूंच्या पत्नी, आपल्या नलूवहिनी हसल्या. दिगंबर चुकून पिठल्याऐवजी चहा म्हणाला, तर त्यांनी त्याला तिथल्या तिथे दुरुस्त केले आणि हशा दुप्पट झाला.

त्यांची मुलगी शुभा मात्र खुर्चीच्या कडेवर बसून नुसती दिगंबरकडे पाहत होती. चहाच्या वेळी तिने मला गॅलरीत नेले आणि विचारले, "मावशी, आई आणि मी रात्री वसूमावशीकडे झोपायला गेलो होतो, ती हीच रात्र ना?" मी हो म्हटले. त्यावर ती म्हणाली, "मग ही गोष्ट दरवेळी हौदात का संपते?"

वसू, तेव्हापासून मी याचाच विचार करते आहे. दिगंबर लबाडी करतो असे मी म्हणणार नाही. त्याने आणि वकिलांनी निथळत्या कपड्यांतल्या बापूंना घरापर्यंत आणून सोडले, दार लोटून घेतले आणि दोघे हसत निघून गेले. त्याने पाहिले तेवढेच तो सांगतो. दाराच्या आतला पितळी तांब्या आणि पहाटे तुझ्या दारावर पडलेली थाप या गोष्टी तुझ्या वाट्याला आल्या. माझ्या वाट्याला आले ते दुसऱ्या दिवशीचे. वहिनी तालमीला चहाची किटली घेऊन आल्या तेव्हा त्यांचे कुंकू रोजच्यापेक्षा मोठे होते, जवळजवळ रुपयाएवढे, आणि त्याच्या वरच्या कडेला कातडी सुजलेली होती. तू माझ्याकडे पाहिलेस आणि दोघींनी पेले मांडायला घेतले. त्याच वेळी तिकडे दिगंबर पहिल्यांदाच ही गोष्ट सांगत होता.

आता नुसता विचार करून भागणार नाही, कारण बापूंच्या नावाने स्मरणिका निघते आहे आणि मजकुराची जबाबदारी माझ्यावर आहे. दिगंबरने गोष्ट लिहून पाठवली आहे, उत्तम लिहिली आहे. शुभाने कळवले आहे की ती गोष्ट छापली तर घरातले फोटो मिळणार नाहीत. आणि वहिनींचा निरोप आहे की ती गोष्ट वगळली तर त्या प्रकाशनाला येणार नाहीत. मी त्यांना समजवायला गेले, तर त्यांनीच मला समजावले. म्हणाल्या, "मंदा, या गोष्टीमुळे लोकांनी यांना दारुडा म्हटले नाही, अवलिया म्हटले. मी बाजारात ताठ मानेने फिरले ती या गोष्टीच्या जोरावर. ती तुम्ही काढून घेतलीत तर मागे काय उरते ते मला माहीत आहे, शुभाला माहीत नाही." यावर मी काय बोलणार होते? ज्या बाईला लागले ती हसते आहे आणि जिने ते पाहिले ती मुलगी दुखावली आहे. दोघींपैकी एकीलाही चूक म्हणायची माझी छाती नाही.

तू म्हणशील, यात नवीन काय, गणेशोत्सवात मी हेच सांगत नव्हते का? सांगत होतीस. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' या दारूवरच्या नाटकातला, तळीरामाच्या दारुड्या टोळीचा म्हणजे आर्यमदिरामंडळाचा प्रवेश तेवढा सुटा करायचा ठरले आणि तू हातातली वही आपटून म्हणालीस की सिंधूशिवाय तळीराम करणार असाल तर मला धरू नका. पंधरा दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस आणि शेवटी दिगंबरने तुझ्या वाट्याचे भजी खाल्ले म्हणून रागावून बोललीस. तेव्हाचे माझे मत आजही कायम आहे: तळीरामाचे हसू खोटे नाही. गडकऱ्यांना दारूवर प्रवचनच करायचे असते तर त्यांनी ते मंडळ इतके खुलवले नसते. प्रेक्षक तळीरामाच्या युक्तिवादावर खळखळून हसतो, मंडळाचा जणू सभासदच होतो, आणि मग तीच दारू सुधाकराच्या घरात शिरून त्याचे मूल आणि बायको सिंधू यांना मारते तेव्हा प्रेक्षकाला तोंड लपवायला जागा उरत नाही. खुद्द तळीरामाचे मरणही त्यांनी वैद्य आणि डॉक्टर यांच्या भांडणात हसवत हसवत घडवले आहे. हसवणे हा त्या नाटकाचा अर्धा जीव आहे, आणि १९१९ साली लेखकाच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आलेले ते नाटक शंभर वर्षे टिकले त्यात त्या हसण्याचा वाटा मोठा आहे. पण तुझेही एक म्हणणे मला आता पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसते: तो प्रवेश नाटकात असतो तेव्हा दोन तासांनी त्याची भरपाई होते, आणि सुटा केला की प्रेक्षक बिनभरपाईचा घरी जातो. बापूंची गोष्ट हा असाच सुटा केलेला प्रवेश आहे.

कोर्टातली नोकरी संपली तरी तिथले कान अजून शाबूत आहेत. दारूबंदी कायद्याच्या कलम ८५ ची, म्हणजे पिऊन गोंधळ घातल्याची, प्रकरणे बोर्डावर आली की आमच्याकडे हमखास हशा व्हायचा. फिर्यादीचा मजकूर ठरलेला असे: तोंडास उग्र वास येत होता, डोळे लालसर होते, चालताना झोक जात होता, बोलण्यात सुसंगती नव्हती. त्यात एखाद्याने हवालदारालाच घरी सोडायला सांगितलेले असे, एखाद्याने पुतळ्याशी भांडण काढलेले असे. मागच्या बाकावरचे वकीलही रुमाल तोंडाला लावत. आणि दंड भरायला पदराच्या गाठीतून नोटा सोडवणारी बाई माझ्या टेबलापाशी उभी राही, ती कधी हसलेली मला आठवत नाही.

भारतीय दंड संहितेचे कलम ५१० तुला ऐकवते, कारण ते बापूंवर बेतून लिहावे इतके चपखल आहे. नशेत असताना सार्वजनिक जागी, किंवा जिथे शिरणे हाच अतिक्रमणाचा प्रकार ठरतो अशा जागी, दुसऱ्याला त्रास होईल असे वागणाऱ्याला चोवीस तासांपर्यंत कैद, किंवा १० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १८६० सालचे ते १० रुपये २०२४ च्या जूनअखेरपर्यंत १० रुपयेच राहिले. आता न्याय संहितेच्या कलम ३५५ मध्ये दंडाची मर्यादा १००० झाली आहे आणि समाजसेवेची शिक्षाही आली आहे, पण जागा त्याच: सार्वजनिक ठिकाण किंवा परक्याचे अंगण. म्हणजे या कलमापुरते पाहिले तर वकिलांच्या झोपाळ्यावर बसणे हा गुन्हा, आणि तिथून आपल्या घरी जाऊन नशेत काय केले याच्याशी त्याला कर्तव्य नाही. घरातल्या माराला निराळी कलमे आहेत. १९८३ मध्ये सासरच्या छळाविरुद्धचे ४९८-अ आले, २००५ मध्ये कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा झाला. पण त्यासाठी बाईने तोंड उघडावे लागते, आणि वहिनींनी ते पिठल्याची दुरुस्ती करण्यापुरतेच उघडले. सिंधूही मरताना नवऱ्याला वाचवायलाच बघते. ते पाहून मला थिएटरात रडू येते आणि बैठकीत वहिनींचे हसणे पाहून मला बरे वाटते, ही विसंगती मला फार टोचते आहे.

सुरेशचे उदाहरण यासाठी सांगते. त्याला मुक्तांगणमधून येऊन बरीच वर्षे झाली. पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेले ते व्यसनमुक्ती केंद्र त्याला लाभले, हे तू जाणतेस. तोही त्या बैठकीत बोलला, स्वतःविषयी. पगाराच्या दिवशी सायकल विकून त्याच सायकलवाल्याकडून ती भाड्याने घेतल्याची गोष्ट त्याने सांगितली आणि आम्ही दिगंबरच्या गोष्टीइतकेच हसलो. पण तो तिथे थांबला नाही. त्या सायकलीवरून तो घरी गेला तेव्हा धाकट्याच्या शाळेची फी भरायची होती, आणि मुलगा सायकल पाहून म्हणाला, "बाबा, ही विकू या." सुरेशने हे सांगितले त्याच आवाजात, गळा न काढता. शुभा त्याच्या गोष्टीला हसली, वसू. मी मुद्दाम पाहिले. म्हणजे मुलीला हसण्याचे वावडे नाही. सुरेश आपलीच गोष्ट सांगतो आणि घराच्या आतपर्यंत नेतो. दिगंबर दुसऱ्याची सांगतो आणि उंबऱ्याशी सोडून देतो. मला तरी हे दोन्ही एका तागडीत घालता येत नाहीत.

तुझ्याकडे चंद्रपूरला याच्या उलट पाहिलेस ना? दारूबंदीच्या मतदानात बंदीच्या बाजूने आडव्या बाटलीवर शिक्का मारायला बायका रांगेत उभ्या होत्या तेव्हा पुरुष "बाटली आडवी झाली की आम्हीही आडवे" म्हणून टवाळी करत होते, असे तू लिहिले होतेस. बंदी मागायला चिमूरहून नागपूरच्या विधानसभा अधिवेशनावर बायका पायी गेल्या, २०१५ मध्ये जिल्ह्यात बंदी आली, २०२१ मध्ये उठली. बंदी बरी की वाईट यावर आपले कधी जमणार नाही, तो विषय आज नको. पण त्या रांगेतल्या बायकाही आपसांत नवऱ्यांची नक्कल करून हसत होत्या, हेही तूच लिहिले होतेस, आणि त्या हसण्यावर तुझा आक्षेप नव्हता. गेल्या आठवड्यात गटारी झाली. दिव्यांची पूजा करायच्या अवसेला सकाळपासून माझ्या फोनवर गटारात पडलेल्या माणसांची चित्रे येत होती. पाठवणाऱ्यांत दोघी अशा होत्या की ज्यांच्या घरचे मला माहीत आहे. त्यांना मी काहीही उत्तर दिले नाही. तेच चित्र दिगंबरने पाठवले, तेव्हा मात्र त्याला फोन करून चांगले सुनावले.

तर माझे ठरत आले आहे ते असे. गोष्ट छापायची, दिगंबरच्याच शब्दांत, नाकातल्या आवाजासकट. आणि ती हौदात न संपवता पुढे न्यायची. पुढचा भाग दिगंबर लिहू शकत नाही, मी लिहू शकत नाही, आणि वहिनींकडे तो मागणे मला बरोबर वाटत नाही. तो तुझा आहे. दार तू उघडलेस. तुला वाटेल तेवढेच लिही. तांब्याचे नाव घ्यायचे की नाही हे तू वहिनींना विचारून ठरव, कारण त्यांनी नको म्हटले तर नको, यावर मी ठाम आहे. मग दोन्ही भाग मी छापण्याआधी शुभाला दाखवीन. वहिनींनी साफ नकार दिला तर पहिला भागही छापणार नाही, आणि त्यांना तसे मीच जाऊन सांगेन, दिगंबरला पाठवणार नाही.

तुझ्या घराच्या वरच्या मजल्याचे काम कुठवर आले? नातीचे बारसे इकडे करणार आहात असे कानावर आले, ते खरे असेल तर पाळणा माझ्याकडून. जावईबापूंची बदली थांबली का तेही कळव.

दिगंबर छापखान्याची तारीख घेऊन बसला आहे. त्याला मी गणपतीपर्यंत थांबवले आहे, त्याच्या पुढे तो माझे ऐकणार नाही. वहिनी दुपारी चारनंतर फोन उचलतात. आधी त्यांच्याशी बोल, मग मला कळव.

तुझी,
मंदा