आप्पांचे रिपोर्ट

पर्थ

प्रिय आई,

दादाने पाठवलेले आप्पांचे रिपोर्ट काल लॅबमधून घरी आल्यावर नीट बघितले. फोनवर तू फार घाबरलेली वाटलीस म्हणून सगळं लिहूनच पाठवते, दादालाही वाचायला दे.

आधी लिव्हरचं. एसजीपीटी 58 आलंय, पुढे लाल खूण आहे, पण तेवढ्यावरून लिव्हर गेलं असं होत नाही गं. एसजीपीटी, एसजीओटी ही पेशींच्या आतली एन्झाइम्स, पेशींना इजा झाली की रक्तात उतरतात. लिव्हर काम कसं करतंय ते बघायचं तर अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन), बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट) बघायचं, त्यातलं अल्ब्युमिन 4.3 आणि बिलिरुबिन 0.8, दोन्ही छान आहेत, आयएनआर केलेलं नाही. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यावरून फिब-4 म्हणून एक आकडा काढतात, मी आप्पांचा काढला तर 1.2 आला (वय 61, एसजीओटी 38, प्लेटलेट अडीच लाख). त्यांच्या वयाला 1.3 च्या खाली असलं की लिव्हर जास्त कडक झालेलं असण्याची शक्यता कमी. शुगर आणि पोटाचा घेर बघता मला फॅटी लिव्हर वाटतंय, थेंबभर दारू न घेणाऱ्यालाही ते होतं. सोनोग्राफी आणि हिपॅटायटिस बी, सी या टेस्ट मात्र करूनच घ्या, पॅकेजमध्ये त्या नव्हत्या.

आणि तो गुळवेलीचा काढा बंद करा, आजच. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं होतं, आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, पण एसजीपीटी वाढलेलं असताना कशाला घ्यायचा? डॉक्टरांना काढ्याचं सांगा, आप्पा स्वतःहून सांगणार नाहीत.

आता पोटाचं, मला खरी काळजी याची आहे. रक्तात एच पायलोरी या पोटातल्या जंतूची अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली आणि लगेच अँटिबायोटिकचा कोर्स लिहून दिला, हे मला पटलेलं नाही. जंतू गेला तरी अँटीबॉडी पुढे महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात राहते, आणि आपल्याकडे लहानपणीच हा जंतू पोटात गेलेले लोक भरपूर आहेत. आज तो आहे का हे कळायला श्वासाची टेस्ट नाहीतर शौचाची अँटीजेन टेस्ट लागते. श्वासाच्या टेस्टमध्ये खूण केलेला युरिया प्यायला देतात, जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि तोच खुणेचा कार्बन श्वासातून बाहेर येतो, सुई नाही की दुर्बीण नाही. हा जंतू इथल्याच रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये सापडला बघ, रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना. 1982 च्या ईस्टरच्या सुट्टीत जंतू वाढवायच्या प्लेटा नेहमीपेक्षा जास्त दिवस इनक्युबेटरमध्ये राहिल्या म्हणून तो वाढला, आधी दोन दिवसांत टाकून देत होते. 1984 मध्ये मार्शलनी स्वतः तो जंतू पिऊन बघितला आणि त्यांच्या पोटाला सूज आली, 2005 ला दोघांना नोबेल मिळालं.

टेस्टच्या आधी पॅन्टोप्राझोल, म्हणजे आप्पांची अ‍ॅसिडिटीची गोळी, दोन आठवडे बंद लागते, त्या गोळीने जंतू दबतो आणि खोटं निगेटिव्ह येतं. अँटिबायोटिक घेतलं असेल तर चार आठवडे थांबायचं, म्हणूनच तो कोर्स अजून सुरू करू नका असं मी म्हणते. पण गोळी डॉक्टरांना विचारूनच बंद करायची, आप्पांना अ‍ॅस्पिरिन चालू आहे ना, तेही त्यांना सांगा. आणि शी काळी झाली, वजन उतरायला लागलं, घास अडकायला लागला किंवा उलटीत रक्त दिसलं तर टेस्टची वाट बघत बसू नका, सरळ दुर्बिणीतून तपासणी.

दादाला सांग, पुढचे रिपोर्ट आले की सगळी पानं पाठव, नुसते लाल आकडे नको. शनिवारी तुमच्या दुपारी फोन करते, आप्पांना जवळ बसव.

तुझी,
बेबी