संत्र्याचं कलम आणि तुझा खड्डा

माटुंगा, मुंबई
श्रावण, संततधार

प्रिय शुभे,

महिनाभर उत्तर नाही म्हणून फुगली असशील. फुग. पण काल रात्री तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला आणि आता फोनवर दोन ओळी टाकून भागायचं नाही असं वाटलं. आम्ही सगळे बरे, माझा गुडघा आहे तसाच.

खोडावरचा तो मधासारखा थेंब म्हणजे डिंक्या रोग आहे गं. अण्णा वरूडच्या संत्र्याच्या बागेत ज्याच्या नावाने बोटं मोडायचे, तोच.

कलम तू नीट लावलं होतंस. जूनच्या फोटोत डोळा भरलेली गाठ, म्हणजे खालच्या खुंटावर संत्रं जोडलंय ती जागा, मातीच्या वर वीतभर दिसतेय. आता ती मातीत गडप झालीय. दोन फुटांचा खड्डा खणून निम्म्याहून जास्त कोकोपीट आणि कंपोस्ट भरलंस ना? ते कुजून, पावसाने दबून खाली बसतं आणि झाडालाही घेऊन बसतं. वर बाजूची माती वाहत येऊन गाठीवर चढते. त्यात तुझ्या अंगणातली चिकट माती, म्हणजे खड्डा नव्हे, बादलीच. फायटोप्थोरा बुरशीचे बीजाणू साचल्या पाण्यात पोहतात आणि ओल्या सालीतून आत शिरतात. नागपुरात वर्षभरात पडतो त्याच्या जवळजवळ दुप्पट पाऊस आपल्याकडे चार महिन्यांत. तिकडचा खड्डा इकडे चालायचा नाही, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. अर्थात सांगितलं असतं तर "तू मोसंबीवाली, तुला काय कळतंय" हेच ऐकून घ्यावं लागलं असतं.

नुसती माती उकरून गाठ मोकळी करू नकोस. तिथे खळगा होईल आणि पाणी पुन्हा तिथेच. झाड उचलायलाच हवं. दोन महिन्यांचं आहे, मुळं अजून लांब गेली नसतील. पावसाने उघडीप दिली की खोडापासून फूटभर अंतरावर गोल खण, मुळांच्या मातीसकट गड्ड्याखाली गोणपाट सरकव आणि दोघींनी उचलायचं. खोडाला धरून ओढायचं नाही.

त्याआधी जागेवर उंचवटा तयार हवा: चार फूट रुंद, सव्वा फूट उंच. तीन घमेली लाल मातीला एक घमेलं जुनं चाळलेलं शेणखत, एक घमेलं जाड वाळू, या हिशोबाने भर आणि वर अर्धा किलो निंबोळी पेंड. कोकोपीट अजिबात नको. पायाने दाबून, पाणी मारून आधी बसू दे. मग गड्ड्याचा वरचा भाग उंचवट्याच्या दोन इंच वर राहील असं लाव. काठीला सैल बांध. नवी पालवी फुटेपर्यंत खत नाही.

डिंकाची जागा धारदार चाकूने हिरवट, निरोगी साल लागेपर्यंत खरवड. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट घालून धू, वाळू दे, मग बुरशी मारणारी बोर्डो पेस्ट लाव. ती अशी: १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटरमध्ये, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यात. चुना निवला की एकत्र. लोखंडी चाकू बुडवून बघ. पात्यावर तांबूस थर आला तर अजून थोडा चुना घाल. त्याच दिवशी लावायची, उद्यासाठी ठेवायची नाही.

आणि दुसऱ्या झाडावरचा तो "किती जोमदार फुटवा" ज्याचं तू कौतुक केलंस! गाठीच्या खालून आलाय बाई. पान चुरगाळून वास घे, लिंबाचा येईल. तो जंबेरीचा खुंट आहे, ज्या आंबट लिंबाच्या झाडावर तुझं संत्रं बांधलंय तो. वाढू दिलास तर वरचं संत्रं उपाशी मरेल आणि तुला आंबटढाण फळं मिळतील. त्याच पानांवर पक्ष्याची शीट दिसतेय, ती फुलपाखराची अळी. वेचून टाक. डिवचलं की शिंगं काढून घाण वास सोडते, तुझ्या प्रमोद मामांसारखी.

बढतीचं कळलं, अभिनंदन. मनूच्या दहावीचं काय ठरलं?

एक मात्र आताच सांगून ठेवते. फळं आली तरी इथे साल हिरवीच राहील, आत गोड झाली तरी. केशरी रंग चढायला थंड रात्री लागतात, त्या आपल्याकडे कुठल्या. अण्णांच्या बागेतला रंग शोधत बसू नकोस.

शनिवारी पाऊस थांबला तर फोन कर, कुदळ घेऊन येते. नाही थांबला तर तो फुटवा तेवढा आजच काढ. कोवळा आहे तोवर कात्रीने नको, बुडाशी धरून ओढून.

तुझी,
मोसंबीवाली